पूर्वओळखीचा कागद

बँकेची नोटीस आल्यापासून चावीवाल्याच्या घरी एकवीस पाकिटं आली होती आणि त्यानं त्यातलं एकही उघडलं नव्हतं. शहरातलं कुठलंही कुलूप दहा मिनिटांत उघडायची ख्याती असलेला हा माणूस, पण पाकीट काही त्याला उघडवत नव्हतं. चपलांच्या कपाटावर एक टोपली होती. आलेलं पाकीट तो त्या टोपलीत टाकायचा आणि वर छत्री आडवी ठेवायचा, जणू आतून काही उडून येणार होतं.

आठ महिन्यांपूर्वी दुकानाचं शटर निसटून त्याच्या उजव्या हातावर आलं होतं. तीन बोटं चेचली गेली. दोनदा शस्त्रक्रिया झाली, बोटं जागेवर राहिली. पण कुलपात तार फिरवताना आतली पिन कुठे अडते हे त्या बोटांना पूर्वी आपोआप कळायचं, ते कळणं गेलं ते गेलंच. चावीवाल्याचा सगळा धंदा त्या कळण्यावर उभा. घराचे हप्ते सुरुवातीला कसेबसे भरले, मग थांबले. मग नोटीस आली: थकबाकी भरा, नाहीतर अमुक तारखेला घर ताब्यात घेऊन विकू.

त्या तारखेला काय होतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. गेल्या दहा वर्षांत बँकांच्या सांगण्यावरून त्यानं स्वतः वीस-बावीस घरांची कुलपं बदलली होती. काम सोपं, पैसे वेळेवर. "मी नाही गेलो तर दुसरा कोणी जाईल," असं तो बायकोला सांगायचा. बायको त्यावर ताट जरा जोरात ठेवायची.

एका शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. साधे कपडे, पायात दणकट बूट, काखेत दोरीनं बांधलेली जाडजूड फाईल.

"मध्यस्थी साहाय्य केंद्राकडून आले आहे. आपल्याकडून फोन आला होता."

"आमच्याकडून कोणी फोन केलेला नाही," चावीवाला म्हणाला आणि दार लोटू लागला.

"मी केला होता," मागून बायको म्हणाली. "येऊ दे त्यांना आत."

बायकोनं टोपलीतलं एक पाकीट त्याच्या नकळत उघडलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. म्हणजे घरातच फितुरी. तो खुर्चीत बसला आणि त्यानं हाताची घडी घातली.

बाईंनी काम समजावून सांगितलं. घर विकायला काढण्याआधी मालकाला एकदा बँकेसमोर बसून बोलायची संधी मिळू शकते. मध्ये एक त्रयस्थ माणूस बसतो, तो कोणाच्याच बाजूचा नसतो. त्या बैठकीसाठी मालकाची कागदपत्रं तयार करायची आणि त्याच्या शेजारी बसायचं, हे बाईंचं काम. त्यासाठी फी नाही.

"फी नाही," चावीवाल्यानं शब्द तोंडात घोळवला. "मग तुम्हाला काय मिळतं?"

"पगार."

"कोण देतं?"

"केंद्र."

"आणि केंद्राला?"

"थोडा सरकारी निधी आहे. काही देणग्या." बाईंनी फाईलची दोरी सरळ केली. "काही बँकाही देतात."

चावीवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बघ, असं त्या पाहण्यात होतं.

"बँका कशाला देतील?"

"घर ताब्यात घ्यायचं, रिकामं ठेवायचं, मग विकायचं, यात त्यांचाही खर्च होतो. तडजोड झाली तर त्यांनाही हवीच असते." मग त्यांनी एक लांबलचक यादी टेबलावर ठेवली: दवाखान्याची कागदपत्रं, दुकानाचा सहा महिन्यांचा हिशेब, बँकेकडून आलेलं प्रत्येक पत्र. यादीबरोबर एक बंद पाकीटही ठेवलं. "यातलं पहिलं पान आधी वाचा. वाचून मला कळवा. ते फार महत्त्वाचं आहे."

"बरं," चावीवाला म्हणाला. बाई गेल्यावर ते पाकीट त्यानं सरळ टोपलीत टाकलं. बावीस झाली.

जाताना मात्र एक गोष्ट घडली होती. उंबऱ्याशी बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक बघतं तसं नाही, जरा जास्त वेळ. आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. या बाईंना आपण कुठेतरी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत होता आणि प्रत्येक गोष्टीत त्याच्या ओळखीचा एक माणूस असायचा.

"भावोजी, फुकट कोण कोणाचं करतं हल्ली?" तो म्हणाला. "बाई गोड बोलून कागदावर सह्या घेणार आणि बँकेला नेऊन देणार. त्यापेक्षा घर विकून मोकळे व्हा. माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक आहे. आठवड्यात व्यवहार."

"आणि तुला त्यात काय मिळणार?" चावीवाल्यानं विचारलं.

मेव्हण्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मागे सरकलं. "तुम्हाला काय, सगळ्यांचाच संशय येतो."

खरं होतं ते. नोटीस आल्यापासून त्याला टपालवाल्याचा संशय यायचा, शेजारणीचा यायचा. रोज कुत्रा फिरवत घरासमोरून जाणारा माणूस आपल्या खिडक्या मोजतो असंही त्याला वाटू लागलं होतं.

सोमवारी त्यानं दुकानातली नोंदवही काढली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून घर उघडलं की तारीख, पत्ता, कोण हजर होतं, सगळं लिहून सही घ्यावी लागते. तो पानं मागे मागे उलटत गेला. चार वर्षांपूर्वीच्या एका पानावर बोट थांबलं. निळं फाटक, पुढचं आणि मागचं दार. हजर: बँकेचा माणूस, घरमालकीण. आणि मालकिणीची सही, बारीक आणि सरळ. बाईंच्या यादीखाली होती तीच सही, हुबेहूब.

मग त्याला सगळं आठवलं. पदपथावर काढून ठेवलेला फ्रिज, त्याच्या वायरीचं नीट गुंडाळलेलं भेंडोळं आणि त्या फ्रिजशेजारी उभी असलेली बाई. ती रडली नव्हती की भांडली नव्हती. तो कुलूप बसवून निघताना तिनं एवढंच विचारलं होतं, "आत गॅस बंद आहे का, बघाल जरा?" तो पुन्हा आत जाऊन बघून आला होता. "बंद आहे," त्यानं सांगितलं होतं. चार वर्षांत त्याला त्या बाईची एकदाही आठवण झाली नव्हती.

तो तसाच दुकान बंद करून घरी आला. बायको नुकतीच शाळेच्या कार्यालयातून आली होती, तिथं ती अर्धा दिवस टायपिंगचं काम करायची.

"तुझ्या त्या बाई," तो म्हणाला, "डाव साधायला आल्यात. त्यांच्या घराचं कुलूप मी बदललं होतं."

बायको पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिली. "नक्की?"

"सही आहे वहीत. चार वर्षं दात धरून बसली असेल. आपणहून आपली मान तिच्या हातात दिलीस तू."

"त्यांना माहीत असेल का, हे घर तुझं आहे म्हणून?"

"मग अशी का बघत होती माझ्याकडे?"

बायकोनं पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "मग चल. तोंडावर विचारू."

केंद्र एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. तळमजल्यावर बँकेची शाखा. ती दुसऱ्याच कुठल्या बँकेची होती, पण चावीवाल्यानं जिना चढताना बायकोला कोपरानं ढोसलं. वर एक लांबट खोली, चार टेबलं, भिंतीला लागून पत्र्याची कपाटं. कपाटांची कुलपं इतकी स्वस्तातली होती की त्यानं नुसत्या हेअरपिननं उघडली असती. लोकांची सगळी अब्रू या असल्या कुलपात, त्याच्या मनात आलं. कुठेतरी पाणी मुरतंय.

प्रमुख म्हणून जे गृहस्थ होते त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नाक पुसलं आणि विचारलं, "पहिलं पान वाचलं नाहीत का?"

"कसलं पान?"

गृहस्थांनी फाईल मागवली आणि एक कागद त्याच्यासमोर सरकवला. वर छापलेलं होतं: पूर्वओळखीचा कागद. खाली त्याच बारीक सरळ अक्षरात लिहिलं होतं की या घरमालकांना मी पूर्वी एकदा भेटले आहे. माझं स्वतःचं घर बँकेनं ताब्यात घेतलं त्या दिवशी कुलूप बदलण्याचं काम त्यांनी केलं होतं. हे मी केंद्राला सांगितलं आहे. त्यांना माझ्याऐवजी दुसरं कोणी हवं असेल तर तसं खाली लिहावं, कारण देण्याची गरज नाही.

चावीवाल्यानं कागद दोनदा वाचला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मान वर केली तेव्हा बाई दोन टेबलं पलीकडे बसलेल्या दिसल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. त्या उठून आल्या, पण बसल्या नाहीत.

"मला ओळखलंत तुम्ही. पहिल्याच दिवशी," तो म्हणाला.

"त्याआधीच. फाईलवर नाव आणि धंदा होता."

"मग घेतली कशाला माझी फाईल?"

"दोन दिवस घेतली नव्हती. टेबलावर तशीच पडू दिली." बाईंचा आवाज सपाट होता. "पण तुमची तारीख जवळ आली होती आणि बाकीच्यांकडे चाळीस-चाळीस फायली आहेत."

"राग नाही आला?"

"आहे की." त्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या. "तुमच्यावर थोडा, माझ्यावर जास्त. असलंच एक पत्र मलाही आलं होतं. फुकट मदत म्हणे. मला वाटलं भामट्यांचं असेल, आणि मी ते फाडून टाकलं."

सर्दीवाल्या गृहस्थांनी खिडकीबाहेर बघायचं काम मन लावून केलं.

"बदलून हवं असेल तर लिहा," बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटणार नाही."

चावीवाल्यानं पेन उचललं. तेवढ्यात बायको म्हणाली, "याच राहू देत."

"तू कशी ठरवणार?"

"घर दोघांच्या नावावर आहे," बायको म्हणाली. "अर्ध्या घराचं मी ठरवलं. उरलेल्या अर्ध्याचं तू ठरव."

त्यानं पेन खाली ठेवलं. पण संशय काही खाली ठेवला नाही. "प्रत्येक कागद मी वाचणार. शब्द न् शब्द."

"वाचाच," बाई म्हणाल्या. "घरी टोपलीभर पडलेत म्हणे, तिथून सुरुवात करा."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघांनी पाकिटं फोडली. निम्मी पत्रं खरंच भामट्यांची निघाली. एकात तर पाऊस पडल्यासारखे शिक्के होते. पण बँकेच्या एका पत्रात तीन महिन्यांच्या सवलतीची संधी दिलेली होती आणि तिची मुदत कधीच टळून गेली होती. दुसऱ्या पत्रात भरलेल्या हप्त्यांची यादी होती. बायकोनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती थांबली. शटर पडल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत तिनं स्वतः रांगेत उभं राहून हप्ते भरले होते. ते यादीत नव्हतेच. पावत्या तिच्याकडे होत्या, शिवणाच्या डब्यात घडी करून ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवशी केंद्रात बाईंनी पावत्या पाहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "भलत्याच खात्यात गेलेत हे. कामाला येईल." मग चावीवाल्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुमच्या हाताचं. डॉक्टरांकडून लिहून आणा की बोटं पूर्ववत होणार नाहीत. आणि दुकानाची कमाई आता किती, ते खरं सांगायचं. वाढवून नाही."

ही गोष्ट त्याला फार खुपली. कमाई निम्म्यावर आली असं बँकेला सांगितलं तर बँक म्हणणार, मग तुम्हाला घर परवडतच नाही, निघा बाहेर. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घ्यायला सांगतात या बाई. तो रात्रभर कुशी बदलत राहिला. कागद मात्र त्यानं आणून दिले, कारण बायकोनं पिशवी भरून दारात ठेवली होती.

बैठकीच्या दिवशी पाच जण एका गोल टेबलाभोवती बसले. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्यांना मोठ्यानं आणि एका वेळी एकानंच बोलावं लागे, आणि त्याचा फायदाच होई. बँकेकडून एक तरुण अधिकारी आली, लॅपटॉप घेऊन. आल्या आल्या तिनं बाईंना विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," बाई हसून म्हणाल्या.

झालं. चावीवाल्यानं ताडलं. यांची आतून सोयरीक आहे. तो टेबलाखाली दुखरी बोटं चोळत बसला.

पण पुढच्या अर्ध्या तासात बाईंनी बँकेच्या त्या तरुणीला घाम फोडला. पावत्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. हे दोन हप्ते कुठे गेले, कोणाच्या खात्यात गेले, त्यांच्यावर दंड कोणी लावला, कशाच्या आधारावर लावला. तिनं दोनदा फोन केला, मग मान्य केलं की चूक बँकेची, दंड काढून टाकू. न्यायाधीशांनी "काय?" म्हणून तिला ते मोठ्यानं पुन्हा म्हणायला लावलं.

मग तिनं प्रस्ताव मांडला. थकबाकी कर्जाच्या शेवटी जोडायची आणि हप्ता थोडा कमी करायचा. चावीवाल्यानं आकडा ऐकला. थोडी ओढाताण होईल, पण घर राहील. तो मान डोलावणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "नाही. हे यांना झेपणार नाही."

"झेपेल," चावीवाला म्हणाला.

"नाही झेपणार. चौथ्या महिन्यात हे पुन्हा इथंच येतील, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसेल."

चावीवाल्याच्या डोळ्यांपुढे तो फ्रिज उभा राहिला. हातातोंडाशी आलेलं घर ही बाई सगळ्यांदेखत मोडून टाकतेय. म्हणजे आपण म्हणत होतो तेच. चार वर्षं थांबली आणि बरोबर वेळ साधली.

"मला यांच्याशी बाहेर बोलायचंय," तो कसाबसा म्हणाला. न्यायाधीशांनी दहा मिनिटं दिली.

बायकोही मागोमाग आली. बाहेरच्या बोळात पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. "तुम्हाला माझं घर जायला हवंय," तो म्हणाला. "सरळ सांगा ना."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. "दुकानाच्या हिशेबाची वही तुम्ही लिहिता. तुम्ही सांगा."

बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "नाही झेपणार," ती हळूच म्हणाली. "मागच्या दोन महिन्यांचं वीजबिल मी माझ्या पगारातून भरलंय. तुला बोलले नाही. रोज सकाळी तू शटर उघडायला जातोस तेव्हा तुझा चेहरा बघवत नाही, म्हणून नाही बोलले."

चावीवाला भिंतीला टेकला. आपल्याला न सांगता घरात एवढं सगळं चाललं होतं, आणि आपण संशय घेत होतो तो कुत्रा फिरवणाऱ्या माणसाचा. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. नुसता खूप थकवा आला.

"मग काय सांगायचं आत?" त्यानं विचारलं.

"खरं," बाई म्हणाल्या. "हात दाखवा त्यांना. मूठ मिटून दाखवा, जेवढी मिटते तेवढी."

आत जाऊन त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. तीन बोटं अर्ध्यावरच थांबली. तो म्हणाला की चाव्यांच्या नकला काढून देता येतात, अवघड कुलपं आता जमत नाहीत, पुढेही जमणार नाहीत. हे त्यानं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. न्यायाधीशांना ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं. अधिकारी लॅपटॉपवर आकडे बदलून पाहू लागली. मग म्हणाली, "घराच्या नकाशात वरच्या मजल्यावर खोली दिसतेय, आहे ना? भाड्यानं देता येईल?"

दीड तासानं कागद तयार झाला. दोन वर्षं हप्ता जवळजवळ निम्मा, कर्जाची मुदत लांबवलेली, विक्रीची तारीख रद्द. वरची खोली भाड्यानं द्यायची, बायकोचा पगार हिशेबात धरायचा. म्हातारपणापर्यंत फेडत बसायचं होतं, पण फेडता येणार होतं. चावीवाल्यानं अकराच्या अकरा पानं वाचली. बँकेच्या तरुणीनं घड्याळ पाहिलं, बाईंनी पाहिलं नाही. सातव्या पानावर त्यानं एका ओळीवर बोट ठेवून अर्थ विचारला, आणि ती ओळ खरंच मोघम निघाली. न्यायाधीशांनी ती बदलून घेतली.

बाहेर पडल्यावर बायको जिन्याकडे गेली. चावीवाला मागे रेंगाळला. माफी मागावी असं त्याला वाटत होतं, पण कशाकशाची मागायची ते ठरेना.

"तुम्ही आता राहता कुठे?" त्यानं विचारलं.

"भाड्याच्या घरात. स्टेशनच्या मागे."

"दाराला चांगलं कुलूप बसवून देतो. माझ्याकडून. बसवायला अजून जमतं मला."

बाईंनी फाईलची दोरी बांधली. "नको," त्या म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता, पण फट ठेवलेलीही नव्हती. "हप्ता चुकणार असेल तर चुकण्याआधी फोन करा. नंतर नाही." आणि त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. तिथं बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यातला नवरा बाईंकडे अगदी तिरक्या नजरेनं बघत होता.

पंधरा दिवसांत सामान हलवून वरची खोली रिकामी केली. तिथं एक परिचारिका राहायला आली. पहिल्याच दिवशी तिनं करारनामा मागून घेतला, जिन्यात उभी राहून शेवटपर्यंत वाचला आणि दोन ठिकाणी शंका काढल्या. चावीवाला खालच्या पायरीवर उभा राहून, घाई न करता, तिचं वाचून व्हायची वाट बघत राहिला.